हुमणीवर सूत्रकृमी : कोकणच्या पावसात सोडायचे कधी?

प्रश्न : वैभववाडी तालुक्यात माझा खोडवा ऊस आहे. गेल्या पावसाळ्यात बेटे पिवळी पडून वाळली आणि उपटल्यावर मुळांशी हुमणीच्या (मुळे कुरतडणाऱ्या भुंगेऱ्याच्या) अळ्या सापडल्या. कृषी सेवा केंद्रात सूत्रकृमींची (धाग्यासारख्या सूक्ष्म कृमींची) भुकटी सुचवली. परंतु सूत्रकृमी तर भाजीच्या मुळांवर गाठी आणतात. मग ते विकत घेऊन शेतात सोडावेत का? खोडकिडीवरही त्यांचा उपयोग होईल का?
– एक वाचक, जि. सिंधुदुर्ग

उत्तर : आपली शंका रास्त आहे, पण हे सूत्रकृमी निराळे. गाठी आणणाऱ्या सूत्रकृमीच्या तोंडात मुळांतला रस शोषणारी सुई असते; कीटकांवर जगणाऱ्यांना ती नसल्याने उसाला त्यांच्यापासून धोका नाही. हुमणीवर वापरल्या जाणाऱ्या हेटरोऱ्हॅब्डायटिस इंडिका या जातीचे शास्त्रीय वर्णन १९९२ साली झाले, तेही कोइमतूरला सापडलेल्या नमुन्यांवरून. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा हा जीव अळीच्या तोंडातून किंवा श्वसनरंध्रांतून आत शिरून स्वतःच्या पोटातले जिवाणू तिच्या रक्तात सोडतो. लहान अळी दोन-तीन दिवसांत मरते, मोठीला अधिक वेळ लागतो. मेलेली अळी कुजट काळी न पडता विटकरी लाल दिसली, तर काम झाले असे समजावे.

कोकणात खरी अडचण वेळेची आहे. वळिवाच्या सरींनंतर हुमणीचे भुंगेरे बाहेर पडतात आणि त्यांच्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या कोवळ्या असतानाच सूत्रकृमींना सहज बळी पडतात. पण नेमके तेव्हाच आपल्याकडे पावसाची झड लागलेली असते. सूत्रकृमींना ओल हवी असली तरी साचलेल्या पाण्यात हवेअभावी ते टिकत नाहीत आणि उतारावरच्या जांभ्या जमिनीतून मोठ्या पावसात वाहून जातात. म्हणून आधी चर काढून पाण्याचा निचरा करावा आणि जुलैअखेरीस किंवा श्रावणात पहिली उघडीप मिळताच ते सोडावेत. गणपती होऊन जाईपर्यंत थांबल्यास अळ्या जाड होतात आणि खर्च बहुतेक वाया जातो.

शिफारशीत मात्रा हेक्टरी सुमारे २५० कोटी, म्हणजे एकरी १०० कोटी सूत्रकृमी अशी आढळते; भुकटीचे वजन मात्र पाकिटावरील सूचनेप्रमाणेच घ्यावे. ऊन त्यांना मारक असल्याने संध्याकाळी, पंपाचे नोझल काढून, पाण्यात कालवलेल्या भुकटीची बेटाच्या बुडाशी आळवणी करावी (मुळांशी ओतावी) आणि द्रावण अधूनमधून ढवळत राहावे, कारण ते तळाशी बसतात. त्यात कीटकनाशक किंवा खत मिसळू नये. पाकीट उन्हात ठेवलेल्या दुकानातून माल न घेतलेलाच बरा. थोडी भुकटी पाण्यात कालवून काचेवर थेंब घ्यावा आणि भिंगातून पाहावा : वळवळणारे धागे जिवंत, काडीसारखे ताठ पडलेले बहुधा मेलेले.

खोडकिडीसाठी मात्र हा खर्च करू नये. ती अळी खोडाच्या आत राहते आणि पानांवर फवारलेले सूत्रकृमी तिच्यापर्यंत पोहोचण्याआधीच सुकून जातात. तिच्यासाठी ट्रायकोग्रामाची (किडीच्या अंड्यांत वाढणाऱ्या चिमुकल्या मित्रकीटकाची) कार्डे पानांच्या खालच्या बाजूस लावावीत, म्हणजे अंड्यातच तिचा बंदोबस्त होतो.