थांबायचं कुठे, ते लिहून आण

पोरी,

"काका, पळू की नको?" एवढंच विचारलंस, तेही रात्री दीड वाजता. पेट स्कॅनची तारीख जवळ आली की झोप उडते, ते मला नवीन नाही. पण प्रश्न चुकलाय. केमोची बाटली चालू असताना मोबाइलवरून ५० किलोमीटरच्या शर्यतीची फी भरणारी मुलगी माझं ऐकून घरी बसेल, असं तुझ्या आईला वाटतं. मला वाटत नाही. तू थांबणार कुठे, ते सांग.

ते आधी लिही. घरी, पंख्याखाली, डोकं थंड असताना. शर्यतीत पस्तिसाव्या किलोमीटरच्या पुढे माणूस स्वतःशी धडधडीत खोटं बोलतो आणि ते त्याला पटतं.

तुला केमोत आड्रियामायसिन दिलंय, म्हणजे हृदयाकडे बघायला हवं. ब्लिओमायसिन दिलंय, म्हणजे फुप्फुसांकडेही. विनब्लास्टिनपासून तळपाय बधिर आहेत म्हणतेस, मग फोड फुटला तरी कळणार कसं? टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, कर, फुप्फुसांची तपासणी कर, रिपोर्ट तुझ्या डॉक्टरांना दाखव. ते नाही म्हणाले तर विषय संपला, मला फोनसुद्धा करू नकोस. हो म्हणाले तर कागद घे. छाती जड झाली, थांबायचं. श्वास नेहमीसारखा बसेना, थांबायचं. मोजे मधूनमधून काढून पाय डोळ्यांनी बघायचे, रक्त दिसलं की थांबायचं. शर्यतीच्या आधी ताप ३८ अंशांवर गेला तर बिब, म्हणजे छातीवरचा नंबर, घ्यायला जायचंच नाही, थेट हॉस्पिटल. नुसतं पाणी ढोसायचं नाही, मीठ लागतं. आणि आयब्रुफेन, ती दुखण्यावरची गोळी, खिशात सापडली तर मीच तुला बाहेर काढीन. घामानं सुकलेल्या शरीरात ती किडनीवर बसते.

२०२५ मध्ये आलेला तो अभ्यास मलाही कुणीतरी पाठवला. आतड्याच्या कॅन्सरचे ८८९ रुग्ण, केमोनंतर तीन वर्षं शिस्तीत व्यायाम करणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण कमी. चांगलंच आहे. पण तो आजार तुझा नाही, आणि व्यायामही भरभर चालण्याच्या बेताचा होता. त्यातून ५० किलोमीटरची परवानगी काढू नकोस.

टेरी फॉक्सचे, कॅन्सरमुळे पाय गेलेल्या आणि कॅनडा पळत ओलांडायला निघालेल्या त्या पोराचे, फोटो पाठवणाऱ्यांचंही तसंच. कृत्रिम पायावर १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर, हे सगळ्यांना पाठ. १ सप्टेंबर १९८० ला थंडर बेजवळ तो थांबला, कारण कॅन्सर फुप्फुसांत पोचला होता. कॅनडाचं दुसरं टोक त्याला दिसलंच नाही. त्याला कुणी पळपुटा म्हणालं का?

मला म्हणाले. माझी इमॅटिनिबची, म्हणजे माझ्या कॅन्सरवरची, गोळी रोज चालू, तिच्यामुळे पोटऱ्यांत गोळे येतात. एका शर्यतीत दोन्ही पाय एकदम धरले, तर बाहेर पडायचं, असं कागदावर होतं. धरले. बाहेर पडलो. मग पाचच मिनिटांत पाय मोकळे झाले! ते अजून सलतं, खोटं कशाला बोलू. पार्क चौकात चहाला गेलो की एकजण अजून "काय काका, डीएनएफ?" म्हणतो, म्हणजे शर्यत अर्धवट सोडलेला. म्हणू दे. त्याच्या घरी मेडलं आहेत आणि गुडघे गेलेत. मी रविवारी कंबर तलावावर पळत असतो. आज पुन्हा ती वेळ आली तरी मी बाहेरच पडेन.

कोजागिरीला आपल्याकडची माणसं सोलापूरहून तुळजापूरला चालत जातात. ४५ किलोमीटर, म्हणजे मॅरेथॉनहून जास्त. कितीतरी आज्या अनवाणी असतात. एखादीला तामलवाडीत झेपेना झालं तर ती गाडीत बसते, आणि भवानीआई तिला दारातून परत पाठवत नाही. तुला मात्र फिनिशर टी-शर्टशिवाय चालत नाही!

रविवारी पहाटे साडेपाचला ये. एकोचा रिपोर्ट आण, कागद आण, खाली सही आईची. "बघू तेव्हाचं तेव्हा" असं लिहिलेलं चालणार नाही.

काका