संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के असतो, हे खरं आहे का? मुलाखतीसाठी देहबोली कशी सुधारू?

तुम्ही लिहिलंय की क्लासच्या सरांनी फळ्यावर ७-३८-५५ लिहून दिलं. शब्द ७ टक्के, आवाज ३८, देहबोली ५५. पुढच्या आठवड्यात बँकेची मुलाखत आहे आणि तुम्ही रोज तासभर आरशासमोर बसताय. आरसा सोडा. हेच आकडे मला माझ्या मेहुण्यानं भर पंगतीत ऐकवले होते, म्हणून लिहायला बसलो.

औसा तालुक्यात माझं बी-बियाणांचं दुकान आहे. सहा-सात वर्षांपूर्वी ऐन पेरणीच्या गर्दीत शेजारच्या गावचे एक मामा सोयाबीनला लावायच्या दोन पुड्या घेऊन गेले, एक बुरशीनाशकाची, एक रायझोबियम नावाच्या जिवाणूंची. मी म्हणालो, "मामा, आधी ही चोळा, मग ही गुळाच्या पाण्यातून." मामा माझ्या डोळ्यांत बघून हसले, मान हलवली, दोनदा "हौ, हौ" म्हणाले. देहबोलीत पैकीच्या पैकी मार्क.

घरी जाऊन मामांनी घमेलंभर गुळाचं पाणी केलं, त्यात आधी पहिली पुडी टाकली, मग दुसरी, आणि बी त्यात टाकून खसाखसा चोळलं. सोयाबीनचं साल आधीच पातळ. बी फुगलं, सालं निघाली, तसंच पेरलं. पाऊस चांगला पडूनही अर्धं रान मोकळं. दुबार पेरणी. मामांनी उरलेलं बी रुमालात बांधून आणलं आणि चार गिऱ्हाईकांसमोर माझ्या काउंटरवर ओतलं.

"सांगितलं होतं की तुम्हाला!" मी.

"सांगितल्यावानीच केलो की भाऊ. आधी ही टाकलो, मंग ती टाकलो."

खरंच होतं ते. माझ्या डोक्यात त्या 'आधी' आणि 'मग'च्या मध्ये कितीतरी होतं. हलक्या हातानं लावायचं, बी सावलीत सुकवायचं, रायझोबियम अगदी पेरणीच्या तोंडावर लावायचं कारण ते जिवंत जिवाणू असतात, आणि पाणी बी ओलसर होईल एवढंच. यातलं एक अक्षर तोंडातून बाहेर पडलं नव्हतं. मामांना मी एक बॅग उधारीवर दिली आणि ती उधारी वहीत अजून तशीच आहे, मागायला तोंड नाही.

दिवाळीला सासरवाडीला हा विषय निघाला. मेहुणा लातूरला पोरांना व्यक्तिमत्त्व विकास शिकवतो. म्हणाला, "दाजी, तुमची बॉडी लँग्वेज कमी पडली. शब्दांचं काय, ७ टक्के." सगळे हसले. बायकोसुद्धा.

मग मी हे शोधून वाचलं. १९६७ साली अमेरिकेत अल्बर्ट मेहराबियन आणि सहकाऱ्यांनी दोन छोटे प्रयोग केले. त्यात भाषण नव्हतं, वाक्यसुद्धा नव्हतं. सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले. एकात तर 'कदाचित' या अर्थाचा एकच शब्द आणि सोबत चेहऱ्यांचे फोटो. विचारलं काय, तर बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतो की नाही. बस. भावना आणि आवडनिवड यापुरतंच हे सूत्र आहे असं मेहराबियन स्वतः सांगत आले. मेहुण्याला म्हणालो, तसं असेल तर तुझ्या लातुरात नीट परीक्षेचं फिजिक्स हातवाऱ्यांनी शिकवा, ९३ टक्के पोरांना कळेल. तेव्हापासून तो ताटावर जरा लांब बसतो.

माझ्या चुकीला खरं लागू पडतं ते दुसरंच. १९९० मध्ये स्टॅनफर्डला एलिझाबेथ न्यूटननं काहींना ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर वाजवायला लावला. वाजवणाऱ्यांना वाटलं, ऐकणारे निम्मी गाणी ओळखतील. १२० पैकी ओळखली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं, समोरच्याला नुसती टकटक. मामांना मी टकटक ऐकवली होती.

आणि 'हौ'चं सांगतो. आपल्याकडं 'हौ' म्हणजे 'पटलं' नव्हे, 'कळलं'ही नव्हे. 'तुम्ही बोला, मी ऐकायलोय' एवढंच. मुलाखत घेणारे मान हलवतील, त्यावर जाऊ नका.

डोळ्यांत डोळे घालण्याचंही तसंच. नजर चुकवतो तो खोटारडा, हा समज जगभर आहे. पण माणसं नुसतं बघून-ऐकून खरं-खोटं ओळखायला बसली तर बरोबर येतं सरासरी १०० पैकी ५४ वेळा, २००६ मध्ये शेकडो अभ्यास एकत्र करून निघालेला आकडा आहे. नाणं उडवलं तरी ५० येतं. आपल्या गावात थोरांपुढं नजर खाली ठेवायला शिकवतात, ते काय सगळे चोर?

तुमचा प्रश्न राहिला. ताठ बसा, पाय हलवू नका, शर्टाला इस्त्री करा. यापलीकडं आरशात काही नाही. प्रश्न कळला नाही तर "सर, तुम्ही असं विचारताय का?" म्हणून आपल्या शब्दांत परत विचारा. मी आता प्रत्येक गिऱ्हाईकाकडून "काय करणार, सांगा बरं" असं वदवून घेतो. पुढच्या वर्षी मामांनी सगळं पाठ म्हणून दाखवलं आणि वर विचारलं, "गूळ किती, ते तुमी अजून सांगितलाच न्हाई."

सूर महत्त्वाचा नाही असं मी म्हणत नाही, हं. बायको "बरं" म्हणते तेव्हा शब्दाला शून्य टक्के असतात. तिथं मेहराबियन शंभर टक्के बरोबर.

हे उत्तर घरच्या ग्रुपवर टाकतोय. मेहुण्याचा अंगठा येईल. पटलं म्हणून की नुसतं बघितलं म्हणून, ते त्यानं शब्दांत लिहावं.