मॅडम, टॅटूच्या फॉर्मवर सही करू का?

मी समुपदेशक आहे. दहावीचा निकाल लागला की माझ्या फोनवर एक ठरावीक प्रश्न यायला लागतो. गणपतीच्या आधी ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू झाले की त्याला पुन्हा जोर चढतो. "मुलगी टॅटू काढायचं म्हणतेय. स्टुडिओवाला म्हणतो, अठराच्या आत असेल तर आईवडिलांची सही लागेल. करू का?" मुलगा असेल तर टॅटूच्या जागी कधी भिकबाळी असते, कधी भुवईतली रिंग. विचारणाऱ्यांत बँकेतले अधिकारी असतात, रिक्षा चालवणारे असतात, डॉक्टरही असतात. आणि पुढचं वाक्य जवळजवळ सगळ्यांचं सारखंच: "याला काही कायदा नाही का हो?"

कायद्याचं आधी सांगून टाकते. टॅटूचं किंवा टोचून घेण्याचं किमान वय ठरवणारा, देशभर लागू असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. चांगले स्टुडिओ अठराचं बंधन पाळतात, आधार कार्ड बघतात, पालकांना समोर बसवून फॉर्म भरून घेतात, ते मुख्यतः स्वतःच्या बचावासाठी. त्यांच्या सावधपणामागे जुने, सर्वसाधारण कायदे आहेत. १८७५ च्या कायद्यानं माणूस अठराव्या वर्षी सज्ञान होतो. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे सज्ञान नसलेल्याला करार करता येत नाही, आणि असा करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयानं, १९०३ साली मोहरीबीबीच्या खटल्यात सांगून ठेवलंय. म्हणजे सोळा वर्षांच्या मुलीनं ‘माझ्या जबाबदारीवर’ असं लिहून कितीही झोकात सही केली तरी ती स्टुडिओला वाचवत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २५ मध्येही इजा सोसायला संमती देणारी व्यक्ती अठरा वर्षांवरचीच धरली आहे.

ब्रिटनमध्ये मामला सरळ आहे. तिथे १९६९ पासून अठराच्या आतल्या मुलांना टॅटू काढणं हाच गुन्हा. वैद्यकीय कारण सोडलं तर आईबापांच्या सहीलाही तिथे अर्थ नाही. तिथे स्थायिक झालेली एक मराठी आई मला म्हणाली, "आमचं बरं आहे ताई, सरकारच नाही म्हणतं." मला तिचा हेवा वाटला नाही. का, ते सानिकाच्या गोष्टीतून सांगते. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

सानिका सोळा वर्षांची, अकरावी कॉमर्स, कॉलेजच्या एनसीसीत. वडील चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर, मूळचे माण तालुक्यातले. घरात तीन आठवडे अबोला, आदळआपट, अर्धपोटी उठणं. पहिल्या भेटीला वडील आणि आजी आले. वडिलांना माझ्याकडून समुपदेशन नको होतं, लेखी कलम हवं होतं.

"मॅडम, एखादा नियम असेल तर सांगा. मी तिला दाखवतो. माझं ऐकत नाही ती, तुमचं ऐकेल. शेवटी सोनारानेच कान टोचावे लागतात."

आजींना हसू आवरेना. त्यांच्या हनुवटीवर तीन हिरवट ठिपके होते आणि दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण. "मला सात वर्साची असताना जत्रंत गोंदलं. दोघींनी धरून ठेवलं हुतं. सही कुनी मागितली हुती?"

"आई, तो जमाना वेगळा होता," वडील वैतागले.

आजींचा मुद्दा मात्र मी वहीत लिहून घेतला. बारशाला कान, लग्नाआधी नाक, जत्रेत गोंदण. आपल्याकडे मुलीच्या अंगाला सुई लागते ती बहुतेकदा वडीलधाऱ्यांच्या मर्जीनं. तिची स्वतःची मर्जी पुढे आली की मगच आपल्याला संसर्गाची आठवण होते. वडिलांना मी एवढंच सांगितलं की तुम्हाला हवं तसं कलम नाही. त्यांचा चेहरा पडला.

सानिका आली ती वकिलासारखी तयारी करून. आजीच्या हातावर चालतं, मम्मीचं नाक चालतं, मग माझ्यावर का नाही? शरीर माझं आहे. तीन मैत्रिणींनी कानामागे एकच छोटी चांदणी काढायची ठरवली होती. एकीच्या आईनं सही दिली होती. दुसरीच्या चुलतभावानं पालक म्हणून ठोकून दिली होती. राहिली ही.

तिच्या एकाही मुद्द्याशी मी वाद घातला नाही. त्या वयाच्या मुलांचे मुद्दे बहुधा बरोबरच असतात, वाद घालून हाती काही लागत नाही. दुसऱ्या भेटीत मी विचारलं, "समजा, उद्या पप्पांनी सही केली."

"नाही करणार ते."

"समजा केली."

"मॅडम, तुम्ही त्यांना ओळखत नाही. ते मरतील पण करणार नाहीत."

"फॉर्म तुझ्या हातात आहे. खाली त्यांची सही आहे. शनिवारी अकराची अपॉइंटमेंट. आता सांग, कसं वाटतंय?"

ती सॅकची चेन उघडत-मिटत बसली. मी काही बोलले नाही. अशा वेळी तोंड बंद ठेवणं हे या व्यवसायातलं सगळ्यात अवघड काम आहे आणि ते मला जमतं, असं मी म्हणू शकते. बऱ्याच वेळानं ती हळूच म्हणाली, "मग काढावा लागेल."

जिनं तीन आठवडे घर डोक्यावर घेतलं, तिच्या तोंडावर आनंद दिसायला हवा होता. दिसत होती धास्ती. मग एकेक बाहेर आलं. तिला सीआयएसएफमध्ये, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात जायचंय. अशा केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या वैद्यकीय नियमांत टॅटू चालतो, पण डाव्या हाताच्या आतल्या बाजूला किंवा हाताच्या पंज्यावर, मागच्या बाजूनं. उजवा हात सॅल्यूटचा, म्हणून डावा. आकारही त्या भागाच्या एक चतुर्थांशाहून लहान हवा, आणि मजकूर नाव किंवा धार्मिक चिन्ह अशा चौकटीतला. कानामागची चांदणी यात कुठेच बसत नव्हती. हे सगळं तिला एनसीसीच्या सरांनी कधीच सांगितलेलं होतं, तिला पाठ होतं.

"मग मैत्रिणींना सांगितलंस?"

"नाही. त्या म्हणतील भाव खातेय."

"मग काय सांगणार होतीस?"

"पप्पा नाही म्हणाले, असं."

इथे माझ्या डोक्यात लख्ख पडलं. बापाला नकार कायद्याकडून हवा होता आणि मुलीला बापाकडून. भांडण खरं होतं, आदळआपट खरी होती, पण सानिका घरात इतक्या जोरात ‘हवा’ म्हणू शकत होती ते ‘नाही’ हे उत्तर ठरलेलं होतं म्हणून. मैत्रिणींसमोर तिला हात वर करता येणार होते. त्या ब्रिटनमधल्या घराचा मला हेवा वाटला नाही तो याचसाठी. तिथे सरकार नकार देतं आणि घरातल्या कुणालाच तो द्यायला शिकावं लागत नाही. ‘समजा सही केली’ हा प्रश्न मी तेव्हापासून अनेकांना विचारलाय. प्रत्येक वेळी असंच निघतं असं नाही. काही मुलांचे डोळे खरोखर चमकतात, तेव्हा समजायचं की इच्छा त्यांची स्वतःची आहे आणि बोलणं वेगळ्या दिशेनं न्यायला हवं.

माझा कल विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीकडे आहे, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवलेल्या वाटेकडे. घटनेपेक्षा तिच्याबद्दल आपण स्वतःला काय सांगतो, ते ती तपासते. त्यामुळे मी चांदणीपाशी थांबले नाही. मैत्रिणी नाराज झाल्या तर सानिका स्वतःला काय सांगते, ते शोधलं. ती सांगत होती, "त्या दोघी एका बाजूला झाल्या की मी संपले." आम्ही बारकाईनं पाहिलं, संपली म्हणजे नेमकं काय होईल? ग्रुपवर उत्तरं येणार नाहीत. डबा एकटीनं खावा लागेल. वर्गात टोमणे बसतील. "यानं संपशील?" "नाही. पण वाईट वाटेल." वाईट वाटणारच, ते मी पुसून टाकायचा प्रयत्न केला नाही. वाईट वाटून घेत कॉलेजला जाता येतं, एवढं तिला पटलं की माझं काम झालं.

मग वाक्य तयार केलं. तिचं पहिलं वाक्य होतं, "भरतीत प्रॉब्लेम येईल गं, म्हणून नको." मी ते मान्य केलं नाही. पप्पांच्या जागी भरती आली, बाकी जैसे थे. तिच्याकडून मी तोच नकार पुन्हा पुन्हा वदवून घेतला, शेवटी ती जरा चिडूनच म्हणाली, "भरतीचं आहेच, पण मला तसंही कानामागे नकोय." हे तिचं होतं.

वडिलांना तिनं मला सांगितलेलं मी सांगितलं नाही. मुलं बोलतात ती या भरवशावर. त्यांना मी विचारलं, "कायदा, नोकरी, लोक, सगळं बाजूला ठेवा. तुमचं काय म्हणणं आहे?"

"मला आवडत नाही. आणि भीती वाटते. आज हे, उद्या काय?"

"हे तिला सांगितलंत?"

त्यांनी तिला एचआयव्हीपासून लग्नापर्यंत सगळं सांगितलं होतं, हेच तेवढं सांगितलं नव्हतं. त्यांच्यासाठीही वाक्य तयार केलं: "मी सही करणार नाही, हा माझा निर्णय आहे. अठरा झाल्यावर तू ठरव. तेव्हाही मला आवडणार नाही, पण मी घरात भांडण करणार नाही." शेवटचा तुकडा त्यांच्या घशातून उतरायला दोन भेटी लागल्या.

पुढे? एका मैत्रिणीनं टॅटू काढला आणि सानिकाशी महिनाभर धड बोलली नाही. दुसरीचं अजून ठरतंय. सानिकानं घरी नवी मागणी ठेवली, कानाच्या पाळीला दुसरं छिद्र आणि वर कडेला एक. म्हणजे माझ्यावर कुणी चमत्काराचा आरोप करू नये.

टॅटू आणि टोचणं यांना एकाच मापानं मोजू नका, असं मी आता सगळ्याच पालकांना सांगते. पाळी टोचल्याची जखम साधारण सहा ते आठ आठवड्यांत बरी होते, आवडलं नाही तर दागिना काढून टाकता येतो. तिथे सही करा, सोबत जा, सुईचं पाकीट समोर फोडायला लावा. कानाच्या वरच्या कडेचं वेगळं. तिथे कूर्चा आहे, रक्तपुरवठा कमी, बरं व्हायला कित्येक महिने, कधी वर्ष, आणि पू झाला तर कानाचा आकार बिघडू शकतो. तिथे टोचायची बंदूक अजिबात नको. भिकबाळीची जागा नेमकी हीच, म्हणून मुलांच्या बाबतीत परंपरेच्या भरवशावर राहू नका. घरात कुणाला जखमेवर जाड, वाढत जाणारा व्रण उठत असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारा. सानिकाच्या वडिलांनी पाळीला होकार दिला, वरच्याला नाही म्हणाले, आणि या वेळी कारण विचारल्यावर कुठल्याही कलमाचं नाव घेतलं नाही.

टॅटूसाठी अठराच्या आत सही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. लेझरनं तो काढायला अनेक बैठका लागतात, खर्च टॅटू करून घेण्याच्या कितीतरी पट, आणि हिरवा-पिवळा रंग हट्टी असतो. सोळाव्या वर्षीची मैत्री तितकी टिकेलच असं नाही. पण नाही म्हणताना तुमचं नाही म्हणून म्हणा. ‘समजा मी सही केली’ हा प्रश्न घरी विचारायचा असेल तर सापळा म्हणून विचारू नका, मुलांना तो लगेच कळतो. आधी चार गोष्टी ऐकून घ्या: काय काढायचंय, कुठे, कुणाबरोबर, कुणाच्या पैशानं. उत्तरात मनगटावरच्या जुन्या कापल्याच्या खुणा झाकायच्या आहेत असं काही निघालं, किंवा लांब बाह्यांखाली तुम्हाला त्या दिसल्या, तर टॅटूचा विषय तिथेच सोडा आणि मदत घ्या. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

आणि पोरगी किंवा पोरगा विचारायच्या आधीच काढून आला असेल, तर पहिल्या दिवशी भाषण नको. जागा लाल, गरम, सुजलेली आहे का बघा, ताप आहे का बघा, असेल तर डॉक्टरांकडे न्या. सुई नवी होती का, हे न ओरडता विचारा, ओरडलात तर खरं उत्तर मिळणार नाही. शंका असेल तर हिपॅटायटीस बी आणि सी, एचआयव्हीच्या तपासण्या कधी करायच्या ते डॉक्टर सांगतील. वर्षभर रक्तदान करता येणार नाही, हे त्याला सांगून ठेवा. न विचारता केलं याचं बोलणं आठवड्यानं, जखम बरी झाल्यावर, करा.