एली विझेल यांच्या ‘नाइट’मध्ये निवेदकाची श्रद्धा खरोखर संपते का?

आपण विचारले आहे की, एली विझेल यांच्या ‘नाइट’ या आत्मकथनाचा निवेदक नाझी छावणीतल्या पहिल्याच रात्री आपली श्रद्धा कायमची जळून गेल्याचे सांगतो, तर मग तो पुढे देवाशी का बोलत राहतो, आणि वडिलांच्या मृत्यूविषयी लिहिताना स्वतःवर इतका कठोर का होतो. आपण हे दोन प्रश्न वेगळे मांडले आहेत. मला ते एकच वाटतात. महाविद्यालयात असताना मी हे पुस्तक प्रथम वाचले, तेव्हा ते देवाविषयीचे आहे असे मलाही वाटले होते. पुढे वडिलांच्या अखेरच्या आजारपणात, त्यांच्या उशाशी रात्री जागताना ते पुन्हा वाचले, आणि तेव्हा जाणवले की या पुस्तकात देवाचा विषय निघतो, त्या बहुतेक ठिकाणी वडील आसपास असतातच.

विझेल यांचा जन्म 1928 साली आताच्या रोमानियातील ट्रान्सिल्व्हेनिया प्रांतात सिगेत या गावी झाला. वडील श्लोमो दुकानदार होते. समाजात त्यांच्या शब्दाला मान होता, पण घरात ते भावना फारशा दाखवीत नसत. मुलाला कबाला या ज्यू गूढविद्येची ओढ लागली होती, आणि त्यासाठी तू अजून फार लहान आहेस, असे सांगून वडिलांनी नकार दिला होता. 19 मार्च 1944 रोजी जर्मन सैन्य हंगेरीत शिरले. सिगेत तेव्हा हंगेरीच्या ताब्यात होते. मेच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे जेमतेम आठ आठवड्यांत, हंगेरीतून सुमारे 4 लाख 40 हजार ज्यूंना रेल्वेने बाहेर नेण्यात आले आणि त्यांतील बहुतेकांना पोलंडमधील ऑश्विट्झ या नाझींच्या मृत्युछावणीत पोहोचवण्यात आले. विझेल कुटुंब त्यांतच होते. फलाटावर पुरुष एकीकडे आणि बायका दुसरीकडे झाल्या. आई आणि धाकटी बहीण त्झिपोरा त्या क्षणानंतर त्याला पुन्हा दिसल्या नाहीत. पंधरा वर्षांच्या मुलाने अठरा आणि पन्नाशीच्या वडिलांनी चाळीस वय सांगावे, असे एका अनोळखी कैद्याने कुजबुजत सुचवले. दोघे त्या वेळी वाचले, त्यात या सल्ल्याचाही वाटा असावा.

इथून पुढे मी कद्दीश या प्रार्थनेचा माग काढायला सांगेन. कद्दीश ही अरामी भाषेतील प्रार्थना मृतासाठी, विशेषतः मुलाने आईवडिलांसाठी म्हणायची असते. तिच्यात मृत्यूचा उल्लेखही नाही. आहे ते केवळ देवाच्या नावाचे महिमागान. म्हणूनच ज्याचे माणूस नुकतेच गेले आहे, त्याच्यासाठी ती श्रद्धेची फार अवघड परीक्षा असते. पहिल्या रात्री आगीच्या खड्ड्याकडे चालत असताना कैदी स्वतःसाठीच कद्दीश म्हणू लागतात. वडीलही ‘यिस्गदल वेयिस्कदश’ हे तिचे आरंभीचे शब्द पुटपुटतात. ते ऐकून मुलाच्या मनात पहिल्यांदा बंड उठते: सर्वशक्तिमान असून जो गप्प आहे, त्याच्या नावाचा गौरव मी का करू? मात्र खड्डा अगदी दोन पावलांवर आला असता तेच शब्द, त्याच्या इच्छेविरुद्ध, त्याच्याही ओठांवर येतात. ‘इच्छेविरुद्ध’ हा तपशील आपण लक्षात ठेवावा.

कद्दीश पुन्हा येते ती अकिबा ड्रुमर या कैद्याच्या प्रसंगात. त्याचा विश्वास संपतो, तो ठार मारण्यासाठी होणाऱ्या कैद्यांच्या निवडीत सापडतो आणि जाताना सोबत्यांकडे एवढेच मागतो की, तीन दिवसांनी माझ्यासाठी कद्दीश म्हणा. सगळे वचन देतात. पुढचे दिवस मार आणि कष्ट यांत जातात, आणि कद्दीश म्हणायचे राहून जाते. विझेल यांनी हे फार थोडक्या शब्दांत सांगितले आहे, आणि माझ्या मते पुस्तकातील सर्वांत भयंकर जागांपैकी ही एक आहे, कारण इथे कोणी देवाला नाकारत नाही. माणसे केवळ विसरतात.

मधल्या काळात योम किप्पुर येतो. आपल्या कोकणातील बेने इस्राएल समाज त्याला मराठीत ‘दारफाळणीचा सण’ म्हणतो. हा प्रायश्चित्ताचा दिवस आणि कडक उपवासाचा. उपाशी ठेवलेल्या माणसांनी उपवास करावा की नाही, यावर छावणीत चर्चा होते. मुलगा उपवास करत नाही, आणि त्याची दोन कारणे तो सांगतो: एक म्हणजे वडिलांनी मनाई केली होती, आणि दुसरे म्हणजे देवाचे मौन त्याला आता मान्य नव्हते. सूप पिणे हे बंड होते, पण ते बंड वडिलांची आज्ञा पाळूनच केलेले होते. आणि ते करताना आत मोठी पोकळी जाणवली, असेही तो लिहितो. अन्यत्र तो बायबलमधील, निरपराध असूनही दुःख भोगणाऱ्या ईयोबाच्या बाजूने बोलतो: देवाचे अस्तित्व तो नाकारत नाही, त्याच्या न्यायावर त्याला शंका आहे. त्यामुळे ‘श्रद्धा संपली’ हे वर्णन मला अपुरे वाटते. ज्याच्याशी नाते उरलेले नाही, त्याच्यावर कोणी इतका काळ आरोप करत बसत नाही.

जानेवारी 1945 मध्ये रशियन सैन्य जवळ आल्यावर छावणी रिकामी केली जाते. मुलाच्या पायावर नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असते आणि त्याला रुग्णालयात राहणे शक्य असते. तरी ताटातूट नको म्हणून बापलेक दोघेही बर्फातून निघतात. 27 जानेवारीला ऑश्विट्झ मुक्त झाले. मागे राहिलेले रुग्ण वाचले, हे त्याला युद्धानंतर कळले. जगण्यासाठी कोणता निर्णय शहाणपणाचा, हे तिथे कोणालाच कळण्याजोगे नव्हते, आणि म्हणून ‘जिद्दीने वाचला’ असे या पुस्तकाबद्दल कोणी म्हटले की मला ते पटत नाही.

याच वाटेवर वृद्ध रब्बी (ज्यू धर्मगुरू) एलिआहू आपल्या मुलाला शोधत येतो. तीन वर्षे ते दोघे एकमेकांना धरून राहिलेले असतात. रब्बी निघून गेल्यावर निवेदकाला आठवते की, बाप मागे पडतो आहे हे पाहूनही तो मुलगा पुढे धावत राहिला होता. त्या क्षणी, ज्या देवावर आता आपला विश्वास नाही त्याच देवाकडे, निवेदकाच्या मनात पुन्हा इच्छेविरुद्ध प्रार्थना उमटते: त्या मुलाने केले तसे मी कधी करू नये, एवढे बळ मला दे. पहिल्या रात्री आपोआप ओठांवर आलेली कद्दीश आणि ही प्रार्थना शेजारी ठेवून वाचा. दोन्ही वेळा श्रद्धा संपल्याचे सांगणाऱ्या मुलाच्या तोंडून देवाचे नाव निघते, आणि दुसऱ्या वेळी तो स्वतःचा जीव मागतच नाही. बापाचा मुलगा राहता यावे, एवढेच मागतो.

ते मागणे पुरे होत नाही, आणि आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते इथेच आहे. या प्रवासाच्या शेवटी, जर्मनीतील बुखेनवाल्ड छावणीत हगवणीने खंगलेले वडील पाणी मागत असतात. इथे बाप नाही, भाऊ नाही, प्रत्येक जण आपापला आहे, म्हणून बापाचा वाटाही तूच खा, असा सल्ला बराकीचा प्रमुख मुलाला देतो. तो सल्ला बरोबर आहे असे क्षणभर मनात येते, मग त्याची लाज वाटून मुलगा वडिलांसाठी सूप आणायला धावतो. 28 जानेवारीच्या रात्री वडील त्याच्या नावाने हाक मारतात, डोक्यावर मार बसतो, आणि मुलगा भीतीने जागचा हलत नाही. सकाळी त्या जागी दुसराच आजारी माणूस असतो. वडिलांसाठी प्रार्थना झाली नाही, मेणबत्ती लागली नाही, आणि रडूही आले नाही. मनाच्या तळाशी सुटकेसारखे काहीतरी होते, हेही त्याने लपवलेले नाही. माझ्या वडिलांच्या उशाशी हे पान वाचून मी पुस्तक मिटले आणि कितीतरी वेळ त्यांचा हात हातात घेऊन बसलो.

हे आत्मकथन 1956 साली ब्युनोस आयर्समध्ये यिद्दिश या पूर्व युरोपातील ज्यूंच्या भाषेत निघाले आणि 1958 साली बऱ्याच संक्षिप्त रूपात फ्रेंचमध्ये आले. आपल्याकडे जुना इंग्रजी अनुवाद असल्यास 2006 च्या नव्या अनुवादाची प्रस्तावना अवश्य मिळवून वाचावी. वडिलांच्या अखेरच्या हाकेविषयीचा, पूर्वी गाळलेला यिद्दिश मजकूर विझेल यांनी तिथे दिला आहे. त्यात त्यांनी स्वतःला क्षमा केलेली नाही, आणि ज्या जगाने त्यांना त्या अवस्थेला नेले, त्यालाही केलेली नाही.