कॉर्पोरेटरचं मासिक पत्रक लोक वाचतील असं कसं काढावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बडोद्यात तुम्ही एका कॉर्पोरेटर ताईंच्या ऑफिसचं काम बघता, वॉर्डातल्या लोकांसाठी दर महिन्याला दोन पानी पत्रक काढता, त्यात महिन्याच्या घडामोडीही देता, पण लोक ते उघडून बघत नाहीत. काय बदलावं?

पहिल्या पानावर देशाच्या घडामोडी असतील तर त्या तिथून हलवा आणि त्या जागी मागच्या महिन्यात अर्धवट राहिलेली कामं घाला. माझ्या मते बाकी सगळं यापुढे दुय्यम आहे. दिल्लीची बातमी लोकांना टीव्हीवर आधीच मिळालेली असते. आपल्या गल्लीतली ड्रेनेजची लाइन कुठे अडकली आहे, हे मात्र त्यांना दुसरीकडे कुठेच कळत नाही. ज्याने तक्रार केली तो पत्रकात आधी स्वतःची गल्ली शोधतो. ती दोन-तीन महिने सापडली नाही की चौथ्या महिन्यात तो पत्रक उघडतच नाही.

प्रत्येक कामाच्या नोंदीत पाच गोष्टी हव्यात: जागा, तक्रारीची तारीख, काम आज कोणत्या टप्प्यावर आहे, कोणत्या टेबलावर आहे, आणि पुढची खबर कधी. बहुतेक पत्रकांत असं वाक्य असतं: ‘ताईंच्या अथक प्रयत्नांमुळे प्रभागातील ड्रेनेज समस्येचे निराकरण करण्यात येत आहे.’ यातून कुणालाच काही कळत नाही. त्याऐवजी असं लिहा:

‘शाळेमागची गल्ली. ड्रेनेजची लाइन खचल्याची तक्रार १२ मे. अंदाजपत्रक तयार होऊन झोन ऑफिसमधून पुढे गेलं आहे, स्थायी समितीची मंजुरी बाकी. तोवर दर सोमवारी लाइन साफ करायला जेटिंग मशीन येईल. सोमवारी आलं नाही तर त्याच दिवशी ऑफिसला कळवा. पुढची माहिती जुलैच्या पत्रकात.’

ही नोंद वाचणाऱ्याला काम झालं नसल्याचं स्पष्ट समजतं, तरी तो चिडत नाही, कारण त्याला कुणी फसवलेलं नसतं. शिवाय सोमवारी मशीन न आल्यास काय करायचं हेही त्याच्या हातात असतं.

टप्प्यांचे शब्द एकदा ठरवा आणि वर्षभर तेच वापरा: तक्रार नोंदवली, पाहणी झाली, अंदाजपत्रक, मंजुरी, टेंडर, वर्क ऑर्डर, काम सुरू, काम पूर्ण. ठरावीक रकमेपुढची कामं मंजुरीसाठी स्थायी समितीसमोर जातात आणि वेळ तिथे जातो. टेंडरला कुणी भाव भरला नाही किंवा भाव फार वर आले तर ते पुन्हा काढावं लागतं. हे घडलं की सरळ लिहा, ‘पहिल्या टेंडरला प्रतिसाद नाही, दुसरं काढलं.’ टेंडरच्या तारखा एन-प्रोक्युअर या टेंडरच्या वेबसाइटवर दिसतात, तिथून पडताळा. समितीत काम मुलतवी राहिलं तर ‘मुलतवी’ हाच शब्द छापा. ‘प्रक्रियेत आहे’ हा शब्दप्रयोग मात्र कायमचा बंद करा, कारण तो काम पूर्ण होईपर्यंतच्या प्रत्येक टप्प्याला लागू होतो.

खातमुहूर्ताचा (भूमिपूजनाचा) फोटो छापताना विशेष जपा. नारळ फुटला म्हणजे उद्यापासून खोदकाम, असं लोक धरून चालतात. वर्क ऑर्डर हातात असेल आणि ठेकेदाराने सुरुवातीची तारीख दिली असेल तरच तो फोटो टाका, आणि खाली ती तारीख लिहा.

जुलै ते सप्टेंबरच्या पत्रकांत रस्त्यांबद्दल एक कायमची चौकट ठेवा. ओल्या पृष्ठभागावर डांबर धरत नाही, म्हणून पावसाळ्यात डांबरी कार्पेटिंग बंद असतं आणि खड्डे तात्पुरते बुजवले जातात. शिवाय पाण्याची किंवा ड्रेनेजची लाइन नव्याने टाकलेल्या रस्त्यावर माती बसू दिल्याशिवाय डांबर टाकलं तर पहिल्या जोरदार पावसात तो रस्ता त्या लाइनीच्या रेषेतच खचतो. हे कारण आधी छापलं असेल तर ऑफिसात येणारा माणूस ‘रस्ता कधी?’ एवढंच विचारत नाही, ‘दिवाळीनंतरच्या यादीत आमची गल्ली आहे का?’ असं विचारतो. त्याचं उत्तर तुम्हाला देता येतं.

बडोद्याची एक खास अडचण आहे. महापालिकेत १९ वॉर्ड आणि ७६ कॉर्पोरेटर, म्हणजे एका वॉर्डाला चार. चौघांनी एकाच रस्त्याचं श्रेय चार पत्रकांत घेतलं की लोकांचा चौघांवरचाही विश्वास उडतो. जमलं तर चौघांचं मिळून एकच पत्रक काढा. जमत नसेल तर निदान कामांची यादी एकच ठेवा आणि कोणत्या कामाचा पाठपुरावा कोण करतंय ते नावानिशी लिहा.

कोणतं काम कुणाचं, हेही दर अंकात एका ओळीत असू द्या. पाणी, ड्रेनेज, रस्त्यावरचे दिवे, कचरा आणि पावसाळी कांस (पावसाचं पाणी वाहून नेणारे नाले) ही कामं महापालिकेची. घरातली वीज गेली तर एमजीव्हीसीएल ही वीज कंपनी. पाइपच्या गॅसची तक्रार असेल तर वडोदरा गॅस लिमिटेड. रेशन कार्डासाठी मामलतदारांचं पुरवठा खातं. ताईंच्या ऑफिसला येणाऱ्या कितीतरी तक्रारी मुळात महापालिकेच्या नसतात, आणि ‘बघतो’ म्हणून त्या घेतल्या की महिन्याभराने न झालेलं काम ताईंच्या नावावर पडतं.

आता घडामोडी. त्या काढून टाका असं मी म्हणत नाही. दुसऱ्या पानावर जास्तीत जास्त तीन घ्या, आणि कसोटी एकच ठेवा: ही बातमी वाचून वॉर्डातला माणूस या महिन्यात काही करणार आहे का? उदाहरणार्थ, २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले तेव्हा ‘ऐतिहासिक निर्णय’ लिहून भागत नाही. ‘वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावर १८ टक्के जीएसटी लागत होता, तो आता शून्य आहे. कंपनीच्या किंवा संस्थेच्या गटविम्याला हे लागू नाही. पुढच्या हप्त्याची पावती तपासा,’ हे उपयोगाचं.

मतदार यादीचंही तसंच. नवीन नाव नोंदवायला अर्ज क्रमांक ६, नाव वगळायला ७, पत्ता बदलायला किंवा दुरुस्तीला ८. वयाची १८ वर्षं मोजायला आता वर्षातून चार तारखा धरतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. महापालिकेच्या मतदानाची यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. त्यामुळे लोक ऐन निवडणुकीच्या तोंडावर धावपळ करतात. जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. त्याबद्दल लिहाल तेव्हा दोन गोष्टी आवर्जून सांगा: १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार दिलेली माहिती गुप्त राहते, आणि प्रगणक बँकेचा तपशील किंवा ओटीपी मागत नाही. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी ही ओळ फार मोलाची आहे, ती ठळक छापा.

पक्षाची भूमिका मांडायची असेल तर तिच्यावर ‘ताईंचं मत’ असं शीर्षक टाका आणि ती शेवटी घ्या. माहिती आणि मत एकाच परिच्छेदात मिसळलं की दुसऱ्या पक्षाचा मतदार पाण्याच्या वेळापत्रकावरही विश्वास ठेवत नाही.

पावसाळ्याच्या अंकावर खास मेहनत घ्या. ऑगस्ट २०२४ च्या पुरात शहरातून वाहणारी विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली. तेव्हापासून जोराचा पाऊस झाला की लोक मोबाइलवर आकडे शोधत बसतात आणि दोन आकड्यांची गल्लत करतात. ज्यातलं पाणी विश्वामित्रीत सोडतात त्या आजवा तलावाची पातळी २१२ किंवा २१३ फूट असते. ती तलावाची खोली नाही, एका ठरावीक पायापासून मोजलेली उंची आहे, आणि तिथली पूर्ण पातळी २१४ फूट. विश्वामित्रीचा आकडा काळा घोडा पुलापाशी मोजतात आणि तिथे धोक्याची पातळी २६ फूट. आजव्यातून सोडलेलं पाणी शहरात पोहोचायला काही तास लागतात. म्हणून नदी १८ फुटांवर असताना आजवा भरत आला असेल आणि वर पाऊस चालू असेल, तर सामान वर हलवायची वेळ तीच. समा, कारेलीबाग, फत्तेगंज, वडसर, परशुराम भट्टा या बाजूच्या वॉर्डांत हे चार वाक्यांत छापून फ्रिजवर लावता येईल असा तुकडा करा. त्यात आपल्या वॉर्डात आधी पाणी कुठे शिरतं, तिथून निघायचा रस्ता कोणता आणि आसऱ्याची शाळा कोणती, एवढं लिहा. वॉर्डातून एखादी कांस जात असेल तर ती कधी साफ झाली त्याची तारीख फोटोसकट द्या. साफ झाली नसेल तर तसं लिहा.

अंक पहिल्या तारखेला निघावा असा आग्रह धरू नका. महापालिकेची सामान्य सभा दर महिन्याला होते, ती झाल्यावर चार-पाच दिवसांत काढा, म्हणजे ताजे ठराव त्यात येतील. मजकूर पक्का करण्याआधी प्रत्येक नोंद वॉर्ड ऑफिसमधून आणि संबंधित इंजिनिअरकडून पडताळा. फोनवर ‘हो हो, होऊन जाईल’ म्हणाले तर ती तारीख छापू नका. लेखी किंवा मेसेजवर दिली तरच छापा. एप्रिलच्या सुमाराला आगाऊ वेरा (मालमत्ता कर) भरणाऱ्यांसाठी सवलतीची योजना येते. तिचे टक्के आणि शेवटचा दिवस महापालिकेच्या परिपत्रकातूनच उचला, मागच्या वर्षीच्या पत्रकातून नाही.

भाषेचं म्हणाल तर दांडिया बाजार, रावपुरा, वाडी भागातली वडीलधारी मंडळी मराठी आवडीने वाचतात, पण त्यांच्या नातवंडांना गुजराती जास्त सोपी जाते. एका बाजूला मराठी आणि मागे तोच मजकूर गुजरातीत द्या. वेरा, आकारणी, कांस हे शब्द मराठीतही तसेच ठेवा, कारण बिलावर आणि ऑफिसच्या पाटीवर तेच असतात. तिथे शुद्ध मराठी प्रतिशब्द घातलात तर माणूस खिडकीशी जाऊन अडखळेल. अक्षर १४ पॉइंटच्या खाली नको.

व्हॉट्सअॅपवर पाठवताना एक अडचण कायम येते. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच मावतात, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला मेसेज जातच नाही. तुम्हाला वाटतं सगळ्यांना गेला, प्रत्यक्षात निम्म्यांना पोहोचलेला नसतो. म्हणून छापील पत्रकावर ‘हा नंबर सेव्ह करून “पत्रक” असा मेसेज करा’ असं लिहा. त्यातून यादीही तयार होते आणि लोकांची संमतीही मिळते. दाखल्यासाठी आलेल्या माणसाचा नंबर परस्पर यादीत घालू नका, २०२३ चा वैयक्तिक माहितीचा कायदा आता आहे. मजकूर निव्वळ पीडीएफमध्येही नको: कामांची यादी साध्या मेसेजमध्ये, पूर्ण पत्रक पीडीएफमध्ये. छापील अंक ठरावीक नावाने दर महिन्याला निघत असेल तर २०२३ च्या नियतकालिक नोंदणी कायद्याखाली तो येतो का, हे वकिलाला एकदा विचारून घ्या.

तक्रारदाराचं नाव किंवा घर नंबर छापू नका, गल्लीपुरतं पुरे. अनधिकृत बांधकामाच्या किंवा कचरा टाकण्याच्या तक्रारीत तर नाव फुटलं की शेजाऱ्यांची भांडणं थेट ताईंच्या दारात येतात.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की सरकारी खर्चाचा एक कागदही निघता कामा नये, आणि स्वखर्चाने काढलेलं पत्रक उमेदवाराच्या खर्चात धरलं जाऊ शकतं. त्या काळात पत्रक थांबवा, पण तक्रारींचं रजिस्टर चालू ठेवा.

सुरुवात करायची तर मागच्या सहा महिन्यांच्या तक्रारी एका वहीत उतरवा आणि प्रत्येकीसमोर वरच्या आठांपैकी एक टप्पा लिहा. ज्यांच्यासमोर काहीच लिहिता येत नाही त्यांची वेगळी यादी करा, आणि पहिला अंक काढण्याआधी ती यादी घेऊन वॉर्ड ऑफिसात बसा.