कसलेल्या बार्जेलो डिझायनरांकडून नेमकं काय शिकावं?

तयार नमुना समोर असला की बार्जेलो (कॅनव्हासच्या जाळीदार कापडावर लोकरीनं भरायचं भरतकाम) भरता येतं, पण स्वतःचं डिझाइन जमत नाही, मग जाणकारांच्या कामातून शिकायचं कसं, असं तुम्ही विचारलंय. मी सांगेन, त्यांची पहिली ओळ शिका. रंगांचं नंतर बघू.

बार्जेलोत टाके उभे असतात. बहुतेक वेळा एक टाका कॅनव्हासचे ४ धागे ओलांडतो आणि शेजारचा २ धागे वर किंवा खाली सरकतो. साध्या ज्वालेच्या, म्हणजे वर-खाली जाणाऱ्या लाटांच्या, नक्षीत पहिली ओळ बसली की बाकीच्या ओळी फक्त रंग बदलून तिच्यामागून जातात. म्हणजे डिझायनरचं सगळं डोकं त्या एका ओळीत असतं. (म्हणून ती मधोमध सुरू करा आणि दोनदा मोजा. तिथली चूक खालपर्यंत उतरते, मग सगळंच उसवावं लागतं.)

मी कितीतरी दिवस आवडत्या नमुन्यांचे रंगच उतरवत होते. माझी लाट मात्र करवतीच्या दात्यांसारखी दिसायची. शेवटी एका नमुन्यातली एकच ओळ टाका न् टाका मोजून ग्राफ पेपरवर काढली. चढावर एकेक टाका, शिखराजवळ एकाच उंचीवर २, मग ३, माथ्यावर ५. तेवढ्यानं माथा गोल झाला होता! २ ऐवजी ३ धागे सरकलं की चढ उभा होतो, १ सरकलं की सौम्य. हे हातानं काढल्याशिवाय डोळ्यांत भरत नाही.

फ्लोरेन्सच्या बार्जेलो संग्रहालयातल्या १७व्या शतकातल्या ज्या खुर्च्यांवरून हे नाव पडलं, त्यांचे फोटोही असेच, एक ओळ धरून वाचा.

रंगांसाठी आवडत्या कामाचा फोटो कृष्णधवल करून बघा. गडद-फिक्याची चढण नीट असेल तर रंग काढून घेतले तरी लाट दिसते. तुमच्या लोकरीच्या लडींचाही तसाच फोटो काढा. दोन छटा सारख्याच करड्या दिसल्या, तर त्या शेजारी ठेवू नका.

ओळ जमायला लागली की चार दिशांच्या बार्जेलोकडे वळा. त्यात कर्णांवर कॅनव्हासचे चार भाग पडतात आणि दोन भागांत टाके आडवे होतात. कर्णावर नक्षी कशी जुळेल हे आधी बघायचं असेल, तर कागदावरच्या ओळीशी ४५ अंशांचा कोन करून आरसा उभा धरा आणि हळूहळू सरकवत न्या. एकाच ओळीतून किती वेगळे कोपरे निघतात ते तिथेच दिसतं.