कोलोरॅडोच्या उभ्या, उंच डोंगरात शिकारीच्या सुरुवातीच्या हंगामासाठी म्यूल डिअर या मोठ्या कानांच्या हरणाची टेहळणी कशी करावी?

पायपीट कमी, दुर्बीण जास्त. जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये नर लहान टोळ्यांनी झाडोरा जिथे संपतो त्या रेषेच्या वर, म्हणजे साधारण 11,500 फुटांच्या वर चरतात. शिंगांवर तेव्हा मखमली कातडी असते. अंगही तांबूस असल्याने हिरव्या उतारावर लांबूनही ते नजरेत भरतात.

उजाडायच्या अर्धा तास आधी चरणीसमोरच्या धारेवर बसा, पण माथ्यावर आकृती उठून दिसेल असं नको. 10 पटीची दुर्बीण आणि स्पॉटिंग स्कोप (लांबचं बारकाईने पाहायची एकनळी दुर्बीण), दोन्ही तिवईवर लावा. हातात धरून तासभर पाहिलं तर नुसते डोळे शिणतात.

नर चरताना दिसला की काम संपलं असं समजून बरेच जण उठतात. खरी माहिती त्यानंतर मिळते. तो बसतो कुठे? बहुधा कड्याच्या पायथ्याशी, खुरट्या स्प्रूसच्या (सूचिपर्णी झाडाच्या) सावलीत. ऊन अंगावर आलं की उठून पुन्हा सावलीत सरकतो. ती वेळ आणि जागा नकाशावर टिपा, कारण गाठायचं तिथेच असतं. पहाटे थंड हवा दरीत उतरते, उतार तापला की वर चढते. म्हणून वरून जवळ जायचं तर हवा वर वाहू लागल्यावरच, म्हणजे तुमचा वास त्याच्याकडे जात नाही.

दुपारी विजा पडतात, बाराच्या आत धार सोडा. ड्रोनने टेहळणी तिथे बेकायदा आहे.

सप्टेंबरच्या सुरुवातीला मखमल गळली की नर दाट झाडीकडे वळतात, तेव्हा खाली उतरणाऱ्या पायवाटाही आत्ताच हेरून ठेवा.